शहराचे वय, माणसाचे आयुष्य

नोव्हेंबर महिना उजाडला की छत्रपती संभाजीनगरातील बँकांच्या शाखांमध्ये एक वेगळी वर्दळ सुरू होते. औरंगपुरा असो, क्रांती चौक असो वा सिडको, सकाळी दार उघडण्यापूर्वीच पायऱ्यांवर पांढऱ्या केसांची रांग लागलेली असते. कुणाच्या हाती काठी, कुणाच्या हाती पासबुकाची कापडी पिशवी, कुणाला नातवाचा आधार. ही सारी मंडळी आपण जिवंत असल्याचा पुरावा देण्यासाठी आलेली असतात. निवृत्तिवेतन पुढे चालू राहावे म्हणून वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो.

अलीकडे हे काम यंत्रावर होते. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ ही सोय सुरू केली आणि कागदावरच्या सहीची जागा अंगठ्याने घेतली. पण अनेक वृद्ध स्त्रियांचा अंगठा यंत्राला उमगत नाही. “आजी, बोट पुसून परत एकदा लावा बरं,” असे कारकून म्हणतो आणि आजी हसून सांगते, “लावते रे बाबा, पण भाकऱ्या थापून थापून रेघाच गेल्या त्या.” अखेर चेहरा दाखवून काम होते. रांग पुढे सरकते.

केंद्र शासनाच्या निवृत्तांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली की मूळ निवृत्तिवेतनावर वीस टक्के वाढ मिळते, नव्वदीला ती चाळीस टक्के होते, आणि शंभरी गाठली तर मूळ रक्कम दुप्पट होते. शासनाच्या नियमावलीत शंभर वर्षांच्या माणसासाठी स्वतंत्र ओळ असावी, ही गोष्ट दोन पिढ्यांपूर्वी कुणाला खरी वाटली नसती. ‘शतायुषी व्हा’ हा तेव्हा केवळ आशीर्वाद होता. तो हिशेबाच्या वहीत कसा येऊन बसला, हे समजून घ्यायचे तर या शहरातूनच एक फेरफटका मारावा लागतो.

मकबऱ्यामागची गोष्ट

हा फेरफटका बीबी का मकबऱ्यापासून सुरू करणे योग्य. पर्यटक त्याला दख्खनचा ताज म्हणतात, ताजमहालाशी तुलना करतात आणि छायाचित्रे काढून परततात. ही वास्तू कोणत्या मृत्यूची आठवण आहे, याचा विचार मात्र फारसा कुणी करीत नाही. दिलरस बानू बेगम ही औरंगजेबाची पत्नी. ११ सप्टेंबर १६५७ रोजी तिने या शहरात एका मुलाला जन्म दिला आणि जेमतेम महिन्याभरात, ८ ऑक्टोबर १६५७ रोजी, प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतीने तिचा अंत झाला. तिचे वय तेव्हा सुमारे पस्तीस वर्षांचे होते. तिची सासू मुमताज महल हिचा मृत्यूही १६३१ मध्ये बुऱ्हाणपूर येथे चौदाव्या बाळंतपणातच झाला होता. ताजमहाल आणि मकबरा या दोन्ही वास्तू बाळंतपणात गेलेल्या स्त्रियांची स्मारके आहेत.

त्याच १६५७ सालच्या मे महिन्यात पुरंदरावर छत्रपती संभाजी महाराजांचा जन्म झाला. त्यांच्या मातोश्री सईबाई १६५९ मध्ये निवर्तल्या, तेव्हा शंभूराजे अवघे सव्वादोन वर्षांचे होते. महाल असो वा गड, राजघराण्यालाही त्या काळी आईचे आयुष्य राखता येत नव्हते. उत्तम अन्न, हवेशीर निवास, दासदासी, वैद्य आणि हकीम सारे हाताशी होते. नव्हते ते जंतूंचे ज्ञान, स्वच्छ हातांची शिस्त आणि रक्तस्राव थांबविण्याचे उपाय. प्रसूतीपूर्वी डॉक्टरांनी हात निर्जंतुक केले तर सूतिकाज्वराने होणारे मृत्यू कमी होतात, हे व्हिएन्नातील डॉक्टर सेमेलवाइस यांनी दाखवून दिले ते १८४७ मध्ये, म्हणजे मकबरा उभा राहून पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाल्यावर.

या शहराच्या नावांतही आयुष्याचा एक विलक्षण धडा आहे. ज्याच्या नावाने हे शहर दीर्घकाळ ओळखले गेले तो बादशहा ८८ वर्षे जगला. ज्यांचे नाव आज शहराने धारण केले आहे त्या शंभूराजांना पुरती ३२ वर्षेही मिळाली नाहीत. आयुष्याची लांबी आणि आयुष्याचे मोल ही दोन वेगळी मापे आहेत, हे ध्यानात ठेवूनच दीर्घायुष्याची चर्चा केलेली बरी.

सरासरीचे गणित

‘पूर्वीची माणसे शंभर शंभर वर्षे जगत, कारण अन्न शुद्ध होते,’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. आकडे काही वेगळे सांगतात. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीयाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. १९७०-७५ या काळात ते ४९.७ झाले आणि २०१६-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार ७० वर्षांवर पोहोचले. महाराष्ट्राचे आयुर्मान देशाच्या सरासरीहून थोडे अधिकच आहे.

मग पूर्वी सगळेच तिशीत मरत होते काय? तसे नव्हते. सरासरी म्हणजे काय, हे एका साध्या उदाहरणाने कळेल. एका घरात दहा भावंडे जन्मली असे समजू. त्यांतील चार वर्षभराची होऊन दगावली आणि उरलेली सहा साठ वर्षे जगली. साऱ्यांच्या वर्षांची बेरीज ३६४, म्हणजे सरासरी आयुष्य ३६ वर्षांच्या थोडे वर. आता चारांऐवजी दोनच बाळे दगावली असती तर बेरीज ४८२ आणि सरासरी ४८ वर्षे झाली असती. घरातील एकही माणूस साठीपुढे एक दिवससुद्धा जगला नाही, तरी सरासरीत जवळपास बारा वर्षांची भर पडली. ज्यांच्या आठवणी सांगितल्या जातात ते आजोबा नव्वद वर्षे जगले हे खरेच असते. त्यांच्या पाठची जी चार भावंडे पाळण्यातच गेली, त्यांच्या आठवणी सांगायला कुणी नसते, एवढेच.

भारतात १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १२९ बालके पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत. २०२० मध्ये हे प्रमाण देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ झाले. माता मृत्यूचे प्रमाण २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. आयुर्मानाच्या वाढीतील मोठा हिस्सा असा पाळण्यापाशी आणि बाळंतिणीच्या खोलीत मिळविलेला आहे. नोव्हेंबरच्या रांगेतील प्रत्येक आजी आधी कुणीतरी वाचविलेले बाळ होती आणि नंतर सुखरूप सुटलेली बाळंतीण होती.

नहर, पाणचक्की आणि गाळलेले पाणी

बाळे वाचू लागली ती कशामुळे? लस, औषधे आणि आईचे शिक्षण या कारणांच्याही आधी पाण्याचे नाव घ्यावे लागते, आणि पाण्याच्या बाबतीत या शहराचा इतिहास मोठा आहे. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी येथे हे नगर वसविले. पर्जन्यछायेचा प्रदेश, मोठी नदी जवळ नाही, खाम नदी बारमाही भरवशाची नाही. तेव्हा त्याने उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी झिरपणारे भूजल जमिनीखालच्या बांधीव नळ्यांतून शहरात आणले. हीच ती नहर-ए-अंबरी. पंप नाही, मोट नाही, केवळ जमिनीच्या उताराच्या बळावर पाणी वाहत येई आणि ठिकठिकाणी उभारलेल्या बंब्यांमधून वस्त्यांना मिळे. चारशे वर्षांनंतरही तिच्या काही भागांत पाणी खेळते आहे.

नहरीचे महत्त्व केवळ अभियांत्रिकीचे नाही. बंद नळीतून आलेले पाणी उघड्या ओढ्याच्या पाण्यापेक्षा कमी दूषित असते. पटकी दूषित पाण्यातून पसरते, याचा पुरावा लंडनच्या डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये एका हातपंपाभोवतीच्या मृत्यूंच्या नोंदी ठेवून दिला. त्याच्या दोन शतकांहून अधिक काळ आधी या शहरात पाणी झाकून आणले जात होते.

अशाच एका नहरीवर पाणचक्की चालते. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आलेले पाणी उंचावरून हौदात पडते आणि त्याच्या जोरावर जाते फिरते. दर्ग्यात येणाऱ्या फकीर आणि वाटसरूंसाठी येथे पीठ दळले जाई. हौदाच्या तळाखाली खांबांवर तोललेले प्रशस्त दालन आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळे वैशाखातही ते थंड राहते. पाणी, पीठ आणि सावली या आयुष्याच्या तीन गरजा एकाच आवारात, आणि त्याही कुणा एका घरासाठी नव्हे तर येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकासाठी भागविण्याची ही योजना होती.

पाण्याची आणखी एक गोष्ट जैन घरांना विशेष जवळची वाटेल. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेण्याचा नियम त्यांच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्पिढ्या पाळला जातो. त्यामागील हेतू अहिंसेचा आहे. मात्र महाराष्ट्रातील पायऱ्यांच्या विहिरींवर एकेकाळी नारू नावाचा भयंकर रोग ठाण मांडून होता. पाण्यातील सूक्ष्म पिसवांतून नारूच्या अळ्या पोटात जात आणि वर्षभराने हातभर लांब जंत पायातून बाहेर पडे. या रोगाविरुद्ध आरोग्य खात्याने मोहीम हाती घेतली तेव्हा सांगितलेल्या मुख्य उपायांपैकी एक होता दाट कापडातून पाणी गाळणे. पायऱ्यांच्या विहिरींवर उतरणे बंद झाले, हातपंप आले, गावोगाव रुग्ण शोधले गेले आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. यातील बोध दुहेरी आहे. घरचे फडके घरातील माणसांना वाचवू शकत होते, पण रोग हटला तो सगळ्या गावाचे पाणी सुधारल्यावरच.

अन्नाचीही कथा तीच. १६३०-३२ च्या दुष्काळाने दख्खन उजाड केले होते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील माणसे खडी फोडत होती, सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढत होती. तो काळ पाहिलेली पिढी आज हयातीचा दाखला देणाऱ्यांत आहे. त्या दिवसांचे चटके तिला विसरता येत नाहीत, परंतु ती जगली. दुष्काळी कामे आणि धान्याचे वाटप यांमुळे पूर्वीसारखी गावेच्या गावे ओस पडली नाहीत. त्याच अनुभवातून पुढे महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला.

घाटीचा दरवाजा

पाणचक्कीपासून थोड्याच अंतरावर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. कागदोपत्री नाव काहीही असो, साऱ्या मराठवाड्यात ते ‘घाटी’ म्हणूनच ओळखले जाते. १९५६ मध्ये, मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त होऊन जेमतेम आठ वर्षे झाली असताना, हे महाविद्यालय सुरू झाले. आज तेथे हजाराहून अधिक खाटा आहेत आणि जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाणा अशा दूरदूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. तेथील प्रसूती विभाग मराठवाड्यातील सर्वांत गजबजलेल्या विभागांपैकी एक आहे.

रात्री अपरात्री एखाद्या वाडीवरून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन घाटीच्या दारात थांबते. तिच्यासोबत आशाताई असते, घाबरलेली सासू असते. काही तासांनी रक्ताची पिशवी चढते, शस्त्रक्रिया होते आणि सकाळी आई आणि बाळ दोघेही सुखरूप असतात. तेथून मकबऱ्याचे मिनार फार दूर नाहीत. सम्राटाच्या घरातील स्त्रीला जे मिळाले नाही ते शेतमजुराच्या लेकीला मिळते. या शहरातील दीर्घायुष्याची सर्वांत मोठी कहाणी कुठली असेल तर ती हीच.

हेडगेवार रुग्णालयासारख्या सेवाभावी संस्था, इतर मोठी रुग्णालये आणि शासकीय कर्करोग रुग्णालय यांनी पुढच्या काळात शहराची वैद्यकीय बाजू अधिक भक्कम केली. वृद्धांसाठी एक सोय मुद्दाम सांगण्यासारखी आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची कोणतीही अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देण्यात आले आहे. अनेक सुशिक्षित घरांतही ‘वय वंदना’ कार्ड काढायचे राहून गेलेले आढळते. आधार कार्ड घेऊन अर्धा तास काढला तर हे काम होते.

ताटात काय आणि किती

पाणी आणि रुग्णालय यांनी माणसाला म्हातारपणापर्यंत आणून सोडले. पुढची वर्षे अंथरुणावर जातील की गोगाबाबा टेकडीवर पहाटे चालण्यात, हे बऱ्याच अंशी ताटावर अवलंबून असते.

मराठवाड्याचे जुने ताट साधे आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचे किंवा मुगाचे वरण, अंबाडीची किंवा मेथीची भाजी, जवसाची नाहीतर कारळाची चटणी आणि ताक. शहाणपणाची ही जुळणी शास्त्रालाही पटणारी आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो आणि डाळींमध्ये तो भरपूर असतो. दोन्ही एकत्र आल्या की प्रथिने पूर्णत्वास जातात. ज्वारीतील तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते. जवसात ओमेगा तीन वर्गातील स्निग्धांश असतो. २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. मराठवाड्याच्या चुलीवर ते वर्षानुवर्षे चालूच होते.

जगात दीर्घायुषी माणसांची म्हणून जी ठिकाणे गाजली त्यांत जपानमधील ओकिनावा बेट आघाडीवर आहे. पोट ऐंशी टक्के भरले की हात धुवावा, अशी तेथील वृद्धांची शिकवण. जैन वाचकांना यात नवल वाटू नये. सहा बाह्य तपांमध्ये अनशनाच्या पाठोपाठ येणारे ऊनोदरी किंवा अवमौदर्य हे तप म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणेच होय. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याच्या नियमामुळे पचनसंस्थेला रात्रभर विसावा मिळतो. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथील अॅडव्हेंटिस्ट पंथीयांच्या दीर्घकालीन अभ्यासातही शाकाहार, निर्व्यसनी राहणी आणि आठवड्याची विश्रांती यांचा दीर्घायुष्याशी संबंध दिसून आला आहे.

परंतु अशा कथांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. २०१० मध्ये टोकियोत १११ वर्षांचे समजले जाणारे एक गृहस्थ तीसेक वर्षांपूर्वीच वारल्याचे उघड झाले. कुटुंबीय त्यांचे निवृत्तिवेतन घेत राहिले होते. त्यानंतर झालेल्या तपासणीत जपानच्या नोंदवह्यांतील शंभरीपार अशी दोन लाखांहून अधिक नावे सापडली, ज्यांचा ठावठिकाणाच लागेना. हयातीच्या दाखल्याचा कंटाळा करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. जन्माच्या आणि मृत्यूच्या नोंदी चोख असल्याखेरीज दीर्घायुष्याचा कोणताही दावा टिकत नाही.

ओकिनावाचा दुसरा धडा अधिक गंभीर आहे. युद्धोत्तर काळात तेथे परदेशी लष्करी तळ आले, त्यांच्यामागून तळलेले आणि डबाबंद अन्न आले. २००० सालच्या गणनेत जपानच्या ४७ प्रांतांमध्ये ओकिनावाच्या पुरुषांचे आयुर्मान एकदम २६ व्या क्रमांकावर घसरले. आजोबांची पुण्याई नातवांच्या कामी आली नाही. संभाजीनगरच्या घरांतही भाकरीची जागा मैद्याने घेतली आहे, सकाळच्या नाश्त्याला फरसाण आणि पाहुण्याला मिठाई हे नेमाचे झाले आहे. कांदा लसूण वर्ज्य करणाऱ्या ताटातही तूप, साखर आणि तळण यांना अटकाव नसेल तर ते ताट सात्त्विक असले तरी आरोग्यदायी ठरत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे दाखविले आहे.

शाकाहारी वृद्धांनी आणखी एक तपासणी टाळू नये, ती म्हणजे बी बारा जीवनसत्त्वाची. वनस्पतीजन्य आहारात ते जवळजवळ नसते, दूध दह्यातून थोडेफार मिळते, आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये त्याचे शोषण घटते. हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे वयाची म्हणून सोडून दिली जातात. एका रक्ततपासणीने आणि स्वस्त औषधाने त्यांतील बरेच काही टळू शकते.

उन्हाचा कर

समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवरील या शहराची हवा कोरडी. थंडीतील सकाळी प्रसन्न असतात, उन्हाळ्यातही एके काळी रात्री गच्चीवर वारा लागे. वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. एप्रिल आणि मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि ही दोन महिन्यांची धग म्हाताऱ्या शरीराकडून करासारखी वसूल होते.

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो, मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्ती उतरते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर शरीर नकळत सुकते. २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्ससारख्या संपन्न देशात उष्णतेच्या लाटेने सुमारे पंधरा हजार माणसे दगावली आणि त्यांत पंचाहत्तरीपुढील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या मोठी होती. २०१० च्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा आराखडा तयार केला. पूर्वसूचना, पाणपोया आणि रुग्णालयांची सज्जता अशा साध्या गोष्टींवर त्याचा भर आहे.

जुन्या शहरातील वाड्यांना जाड भिंती होत्या, मध्ये मोकळा चौक होता. खेड्यांतील घरांवर पांढऱ्या मातीचे माळवद असे. आता सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता घरात सोडत राहतो. चैत्रातील आयंबिलाची ओळी ऐन तापू लागलेल्या दिवसांत येते. मधुमेहाचे इन्सुलिन किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांनी तपापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेतला तर त्यात श्रद्धेला कमीपणा नाही. सोळा कारण भावनांमध्ये ‘शक्तितस्तप’ सांगितले आहे. तप शक्तीनुसार करावे हा दंडक आचार्यांनीच घालून दिलेला आहे.

चाव्या असलेली पिढी

आजच्या संभाजीनगरातील वृद्धांची अडचण वेगळ्याच स्वरूपाची आहे. सिडको, गारखेडा, उस्मानपुरा या भागांतील अनेक घरांत दोनच माणसे उरली आहेत आणि काही घरांत एकच. मुले पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात. पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडीचा विशाल नाथसागर असूनही शहराच्या नळांना काही दिवसांच्या अंतराने पाणी येते. मग साठवणीच्या टाक्या भरणे, बादल्या वर चढविणे ही कामे पंचाहत्तरीच्या हातांवर येतात. ओल्या फरशीवर पाय घसरतो आणि मांडीचे हाड मोडते. साठविलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. चारशे वर्षांपूर्वी ज्या गावाने पाणी स्वतःहून दारापर्यंत चालत येईल अशी योजना केली, त्या गावातील आजोबांनी बादली घेऊन जिना चढावा, यातील विसंगती कुणालाही टोचेल.

तरीही शहराने माणुसकी सोडलेली नाही. हिमायत बागेत, विद्यापीठाच्या परिसरात, सिद्धार्थ उद्यानात सकाळी ज्येष्ठांचे कट्टे भरतात. एखादा दोन दिवस दिसला नाही की तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या दारावर टकटक करतो. राजाबाजार आणि जोहरीवाडा परिसरातील मंदिरांत सकाळच्या दर्शनाला येणारी मंडळीही परस्परांची अशीच नकळत हजेरी घेत असतात. शेजारच्या एकट्या आजींचा दरवाजा रोज एकदा वाजविणे, त्यांच्या घराची एक चावी स्वतःपाशी ठेवणे, उन्हाळ्यात त्यांची पाण्याची टाकी भरून देणे, त्यांना रक्ततपासणीला सोबत करणे हे काम कोणत्याही औषधाइतकेच मोलाचे आहे. सेवा हा शब्द यापेक्षा निराळ्या अर्थाने वापरण्याची गरज नाही.

दीर्घायुष्याचे रहस्य विचारले की वृद्ध माणसे सहसा स्वतःचा आहार सांगतात, व्यायाम सांगतात, देवाची कृपा सांगतात. ते सारे खरेच असते, पण त्यापलीकडेही बरेच काही असते. बाळपणी टोचलेली देवीची लस, गावात आलेला पहिला हातपंप, दुष्काळात मिळालेली सुकडी, घाटीतील अनोळखी परिचारिकेने जागून काढलेली रात्र आणि शेजाऱ्याने वाजविलेले दार यांची नोंद कुठल्याच पासबुकात होत नाही. संयमाचे ताट प्रत्येकाने आपल्या घरी वाढून घ्यावे. नहर मात्र एकट्याला खणता येत नाही, ती गावानेच खणावी लागते.

पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा रांग लागेल. भाकऱ्या थापून रेघा पुसलेला एक अंगठा पुन्हा यंत्रावर टेकेल, यंत्र पुन्हा नकार देईल, आणि कुणीतरी आजीचा चेहरा उजेडाकडे वळवून म्हणेल, “आजी, इकडे बघा. हं, झालं.” तो उजेडाकडे वळलेला चेहरा साऱ्या शहराने मिळून जपलेला आहे, याची आठवण त्या क्षणी रांगेतील प्रत्येकाने ठेवावी. आणि घरी जाताना शेजारचे दार वाजवून जावे.